अध्यक्षांनी काट्याजवळ किती उभे राहावे?

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचा अध्यक्ष आहे. वय ३९, शिक्षण बी.ए., घरी अकरा एकर वावर. चार वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी गावोगाव फिरून ही कंपनी उभी केली. आज ५४० सभासद आहेत. सोयाबीन व तुरीची खरेदी आणि खते-बियाण्यांचे दुकान असा व्यवसाय आहे. सकाळी सहापासून माझा फोन सुरू होतो. गोदामाची किल्ली माझ्याकडे, बँकेतली सही माझी, हमाल आले नाहीत तरी फोन मलाच. नऊ संचालकांपैकी बैठकीला चार येतात. गेल्या दसऱ्याच्या सुमारास माझ्या मामांनी ४० क्विंटल सोयाबीन आणले. ओलावा साडेचौदा टक्के निघाला. आमच्या सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) मॅडम अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पदवीधर आहेत, वय २६. त्यांनी कटती (ओलाव्यापोटी वजनात धरायची घट) सांगताच मामा सर्वांसमोर संतापले, ‘कालची पोरगी मला शिकवते’ असे म्हणाले. वाद नको म्हणून मी माल पूर्ण वजनाने घ्यायला सांगितला. तेव्हापासून मॅडम कोणताही निर्णय स्वतः घेत नाहीत आणि आता नोकरी सोडायचे म्हणत आहेत. सरकारी मदत मार्चमध्ये संपल्यामुळे त्यांचा पगार आता कंपनीलाच द्यावा लागतो. एक संचालक म्हणतात की माझ्या पुतण्याला अर्ध्या पगारात ठेवा. शिवाय गेल्या वर्षी भाव वाढेल म्हणून तूर ठेवली आणि भाव पडला. तो तोटा सभेत मी नीट सांगितला नाही. बरेच सभासद कंपनीला सोडून खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, माल देतात. लोक म्हणतात, तुझ्यात दरारा नाही. पुण्यात नेतृत्वविकासाचे दोन दिवसांचे शिबिर आहे, तिथे जावे का? उद्योग चालवणाऱ्या माणसात जे असावे लागते, त्यातले माझ्यात काय कमी आहे?
— एक अध्यक्ष, जि. वाशीम

उत्तर : तुमच्यात दरारा नाही हे लोकांचे निदान मला पटत नाही. दरारा असलेली माणसे आपल्या भागात कमी झाली नाहीत, आणि त्यांच्या दराऱ्याखाली चाललेल्या सहकारी जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात आज काय उगवले आहे, हे कापूस पट्ट्यातील कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. ५४० शेतकऱ्यांनी तुमच्या शब्दावर भागभांडवलाचे पैसे दिले, म्हणजे लोक तुमचे ऐकतात. अडचण अशी आहे की तुमच्या कंपनीत ठरलेली कोणतीही गोष्ट तुम्हाला एक फोन करून बदलून घेता येते, हे आता सर्वांना कळले आहे. मामांना कळले आहे, हमालांना कळले आहे, संचालकांना कळले आहे, आणि सर्वांत आधी ते तुमच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना कळले. तुमच्या पत्रातील तक्रारी वरून वेगवेगळ्या दिसत असल्या, तरी मला त्या बहुतांशी याच एका ठिकाणाहून निघालेल्या वाटतात.

आधी त्या ४० क्विंटलचा हिशेब मांडू, कारण ‘वाद नको’ याची किंमत तुम्ही कधी कागदावर काढली असेल असे वाटत नाही. साडेचौदा टक्के ओलाव्याच्या ४० क्विंटल सोयाबीनमध्ये ५ क्विंटल ८० किलो नुसते पाणी असते. तोच माल बारा टक्क्यांपर्यंत वाळला की ३८ क्विंटल ८६ किलोच्या आसपास भरतो. म्हणजे एक क्विंटल चौदा किलो सोयाबीन तुम्ही विकत घेतले, पण ते गोदामात कधी आलेच नाही. भाव ४,५०० रुपये धरला तर ही रक्कम पाच हजारांच्या थोडी वर जाते. सर्व खर्च वजा जाता कंपनीकडे क्विंटलमागे ६० रुपये उरतात असे धरले, तरी ही तूट भरून काढायला दुसऱ्या सभासदांचे ८५ क्विंटल चांगले सोयाबीन हाताळावे लागते. ओला माल कोरड्या थप्पीत गेल्यावर आतून तापतो, बुरशी धरतो, आणि आपला माल घेणाऱ्या प्लांटवर गाडी पोहोचल्यावर तिथला माणूस मामांची पोती वेगळी काढून कटती लावत नाही. तो पूर्ण गाडीला लावतो. एवढे करूनही पाच हजार रुपये हे त्या दिवशीचे किरकोळ नुकसान होते. मामांच्या मागे रांगेत जो शेतकरी उभा होता, ज्याने दोन दिवस अंगणात ताडपत्रीवर माल उलथापालथा करून बारा टक्क्यांवर आणला होता, त्याने घरी जाऊन काय सांगितले असेल याचा विचार करा. पुढच्या वर्षी तो माल वाळवणार नाही, किंवा वाळवून दुसरीकडे नेईल.

हे टाळण्याचा उपाय खरेदी सुरू झाल्यावर काट्याजवळ सापडत नाही, तो त्याच्या महिनाभर आधी संचालक मंडळाच्या बैठकीत करून ठेवावा लागतो. सोयाबीनची सोंगणी सुरू होण्यापूर्वी मंडळाने ठराव करावा की हमीभावाच्या खरेदीत असते तशी बारा टक्के ही आपलीही मर्यादा राहील, त्यापुढे चौदापर्यंत प्रत्येक अर्ध्या टक्क्याला इतकी घट धरली जाईल, आणि चौदाच्या वरचा माल घेतला जाणार नाही, मात्र तो वाळवायला कंपनीच्या आवारात जागा मिळेल. हे कोष्टक गोदामाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावे. नमुना एका पोत्याच्या तोंडाशी असलेल्या मुठीतून न घेता वेगवेगळ्या पोत्यांच्या मधून, शेतकऱ्याच्या देखत घ्यावा; त्याला शंका असेल तर तीन वेळा मोजून सरासरी धरावी आणि आकडा पावतीवर लिहावा. हंगामापूर्वी ओलावा मोजण्याचे यंत्र एकदा तपासून घ्यावे, कारण यंत्रावरचा अविश्वास हा बहुतेक वेळा माणसावरच्या अविश्वासाचे कारण होतो. एवढे झाल्यावर पहिल्या दिवशी पहिले पोते तुमच्या वावरातले येऊ द्या, आणि त्याला कटती लागत असेल तर ती सर्वांच्या डोळ्यांदेखत लागू द्या. गुजरातेत आणि इतरत्रही ज्या दूध संघांनी चांगले नाव कमावले, तिथे गावच्या संकलन केंद्रावर प्रत्येकाच्या दुधाची फॅट रोज मोजली जाते आणि पैसे त्यावर ठरतात. संस्थेच्या अध्यक्षाची म्हैस म्हणून तिच्या दुधाला वेगळा आकडा मिळाला असता, तर ते संघ दोन वर्षेही टिकले नसते.

गुजरातच्या खेडा जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजेच पुढचा ‘अमूल’, १९४६ साली नोंदला गेला, तेव्हा त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल होते, आणि तुमच्याशी ताडून पाहण्यासारखे त्यांच्यात बरेच आहे. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना एकत्र आणणारा, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला, शब्दाला किंमत असलेला हा माणूस होता. आणंदच्या सरकारी क्रीमरीत १९४९ साली वर्गीज कुरियन नावाचा तरुण अभियंता आला. त्याला तिथे राहण्याची मुळीच इच्छा नव्हती आणि तो केरळचा ख्रिस्ती, गुजरातीही न येणारा. त्रिभुवनदासांनी त्याला थांबवून घेतले, संघाचा कारभार त्याच्याकडे सोपवला आणि शेतकऱ्यांचा विश्वास सांभाळण्याचे काम स्वतःकडे ठेवले. पुढे १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो मुंबई दूध योजनेच्या दारा खुरोडींसह या दोघांना मिळून. आज कुरियन सर्वांना ठाऊक आहेत आणि त्रिभुवनदासांचे नाव क्वचित निघते. पण आपल्या गावकऱ्यांसमोर एका परक्या तरुणाच्या मागे वर्षानुवर्षे उभे राहणे हे त्या कामातील अर्धे नेतृत्व होते, असे माझे मत आहे, आणि ते अधिक कठीण अर्धे होते.

उत्पादक कंपनीच्या कायद्यात हीच विभागणी लिहून ठेवली आहे. २००२ च्या दुरुस्तीने ही तरतूद कंपनी कायद्यात आली, तेव्हापासून पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमणे बंधनकारक आहे, तो सभासदांपैकी नसावा अशी अट आहे, आणि त्याच्याकडे व्यवस्थापनाचे भरीव अधिकार सोपवावेत असेही म्हटले आहे. सभासदांबाहेरचा माणूस का, याचे उत्तर तुमच्या मामांनीच दिले आहे. ज्याला काट्यावर नाही म्हणायचे आहे, त्याला संध्याकाळी त्याच घरी जेवायला जायचे नसावे. ज्या संचालकांनी पुतण्याचे नाव सुचवले आहे, त्यांचा पुतण्या सभासद नसेल तर नेमणूक कायद्यात बसेलही. पण नात्यापासून वाचण्यासाठी केलेली तरतूद नात्यातल्या माणसाने भरून काढणे हा अर्ध्या पगारातला फार महाग सौदा होईल.

पगाराच्या प्रश्नाकडे मी हलकेपणाने पाहत नाही. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार उत्पादक संघटनांच्या योजनेत पहिल्या तीन वर्षांसाठी कमाल १८ लाख रुपये व्यवस्थापन खर्च मिळतो आणि नंतर संस्थेने स्वतःच्या पायावर उभे राहावे अशी अपेक्षा असते. तुमची मदत कोणत्याही योजनेतील असली, तरी ती संपल्यावर कित्येक कंपन्या पहिली काट याच पगाराला लावतात, मग हिशेब मागे पडतात, खताच्या कंपन्यांशी बोलणारे कोणी उरत नाही आणि दोन हंगामांत फक्त फलक राहतो. म्हणून मॅडमशी स्वतः बसून बोला, आणि त्यांना थांबा म्हणण्यापूर्वी त्या दिवशी काट्यावर जे झाले ते चुकीचे होते एवढे स्पष्ट सांगा. त्यानंतर मंडळाचा लेखी ठराव त्यांच्या हातात द्या : किती रकमेपर्यंतची खरेदी त्या स्वतः ठरवतील, माल नाकारण्याचा अधिकार कोणाचा, हमाल व वाहतुकीचे दर कोण ठरवणार, गोदामाची किल्ली कोणाकडे राहणार. माझ्या मते ती तुमच्याकडे मुळीच राहू नये. पगाराचा काही भाग हंगामातील उलाढालीशी जोडता येईल, पण कटती कमी लावून उलाढाल वाढवता येईल अशी जोडणी करू नका.

यानंतर तुमचा फोन लगेच थांबणार नाही. पंचवीस माणसे विचारतील, ‘भाऊ, तुम्ही फक्त मॅडमले एक शब्द सांगा.’ हा शब्द सांगायचा नाही, एवढेच तुमचे काम, आणि ते वाटते त्याहून फार जड आहे, कारण लोकांच्या अडीअडचणीला धावून जाणे हीच तुमची आजवरची कमाई आहे. ज्याला मॅडमचा निर्णय मान्य नसेल त्याने महिन्याच्या बैठकीसाठी लेखी अर्ज द्यावा आणि मंडळाने तो वाचावा. त्यात मॅडम चुकल्या असे दिसले तर तसे नोंदवून नियम सुधारावा, पण त्या दिवसाची पावती फिरवू नये. मामांकडे मात्र तुम्ही स्वतः, हंगामाच्या आधी, घरी जा. फोनवर सांगू नका आणि दुसऱ्याकरवी निरोप पाठवू नका. यंदा कोष्टक सर्वांना सारखे आहे, आणि तुमचा भाचा अध्यक्ष आहे म्हणून ते तुम्हाला सर्वांत आधी लागेल, असे मान ठेवून सांगा. ते रागावतील आणि कदाचित एक हंगाम व्यापाऱ्याकडे जातील, तर जाऊ द्यावे.

संचालक बैठकीला का येत नाहीत, याचेही उत्तर याच्या शेजारीच आहे. बैठकीत ठरलेले फोनवर बदलत असेल, तर पेरणीच्या दिवसांत मोटारसायकलला पेट्रोल टाकून बैठकीला येण्यात काय अर्थ? बैठकीआधी चार दिवस विषय लिहून पाठवा, त्यात खरेच ठरवण्याजोगे दोन-तीन विषय ठेवा, प्रत्येक संचालकाला आपल्या गावाचा माल किती आला आणि किती बाहेर गेला याचा आकडा सांगायला लावा, आणि जे ठरेल ते इतिवृत्तात त्याच दिवशी लिहून सह्या घ्या. मतभेद झाला तर तोही लिहा. नऊ जण एकदम येणार नाहीत, पण सहा आले तरी काम चालेल.

आता खेडा खरेदीवाल्याविषयी. त्याला माल देणारा सभासद बेईमान आहे, ही समजूत आधी सोडून द्या. आषाढात खताला पैसे कमी पडले तेव्हा तो दारात आला होता, आणि दिवाळीच्या तोंडावर तो वजन करून तिथेच नोटा मोजतो. त्याच्या काट्यात खोट असू शकते हे शेतकऱ्याला कळत नाही असे नाही. तरीही चुकारा त्याच संध्याकाळी मिळतो. कंपनी ‘प्लांटचे पैसे आले की देऊ’ म्हणते, आणि ते आठ दिवसांत येतील की वीस, हे अध्यक्षांनाही माहीत नसते. भावात तुम्ही त्याच्याशी रोज बरोबरी करू शकणार नाही आणि तसा प्रयत्न केलात तर बुडाल. तुम्ही एकच आश्वासन द्या, आणि ते असे द्या की पाळता येईल. उदाहरणार्थ, माल घेतल्यावर सत्तर टक्के रक्कम तिसऱ्या दिवशी खात्यात, उरलेली पंधराव्या दिवशी. ठरावीक रक्कम आधी देऊन उरलेली नंतर देण्याची मुभा उत्पादक कंपनीच्या कायद्यात आहे आणि वर्षअखेर नफा झाला तर ज्याने जितका माल दिला त्या प्रमाणात बोनसही देता येतो. पण पहिल्या वर्षी हे सर्व सभासदांसाठी करू नका. तुमच्या खेळत्या भांडवलात जेवढे क्विंटल बसतात तेवढेच घ्या आणि तारीख चुकवू नका. ज्यांना थांबणे परवडते त्यांना बाजार समितीमार्फत चालणारी पणन मंडळाची तारण योजना समजावून सांगा, ज्यात मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. पैसे पंधराव्या दिवशी दुपारपर्यंत जमा झाले, ही बातमी चावडीवर तुमच्या कोणत्याही भाषणापेक्षा लवकर पोहोचेल.

तुरीचा तोटा तुम्ही सभेत नीट सांगितला नाही, हे तुमच्या पत्रातील वाक्य मी दोनदा वाचले. नुकसान झाले म्हणून कोणी तुम्हाला दोष देणार नाही. आपल्या भागात ज्याने तूर ठेवून मार खाल्ला नाही असा शेतकरी शोधावा लागेल. २०२४ मध्ये तूर दहा हजारांच्या वर गेली होती, केंद्राने २०२१ पासून मुक्त ठेवलेल्या आयातीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, पीकही बरे आले, आणि २०२५ च्या सुरुवातीला भाव ७,५५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली आला. हे सर्व तुमच्या हाताबाहेरचे होते. तुमच्या हातात होते ते एवढेच की माल ठेवण्यापूर्वी मंडळाने ठरवून घ्यायला हवे होते : किती क्विंटल ठेवायचे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि भाव किती उतरला की वाट न पाहता विकायचे. हे ठरले नव्हते, म्हणून प्रत्येक आठवड्याला ‘अजून थोडे थांबू’ झाले असावे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हे याच क्रमाने सांगा. किती माल, कोणत्या भावाने घेतला, कोणत्या भावाने विकला, व्याज व गोदामभाडे किती लागले, एकूण तोटा किती, आणि यापुढे मंडळाने कोणती मर्यादा घातली आहे. व्यापारी, सरकार आणि आयात यांना शिव्या घालून सभेत टाळ्या मिळतील. त्या टाळ्या घेऊ नका. तुम्ही नाही सांगितले तर आकडा गुप्त राहत नाही. तो पानटपरीवर तिप्पट होऊन फिरतो, आणि मग तिप्पट आकड्याचा खुलासा तुम्हालाच करावा लागतो. त्या सभेला नियमावलीत जास्त संख्या लिहिलेली नसेल तर किमान एक चतुर्थांश, म्हणजे १३५ सभासद लागतील. तेव्हा सोंगणीच्या ऐन दिवसांत सभा ठेवून मोकळे होऊ नका, पोळ्याच्या मागेपुढे ठेवा.

खते-बियाण्यांच्या दुकानाविषयी थोडेच सांगतो. उधारीची मर्यादा ठरवा आणि संचालकांच्या उधारीची यादी पहिल्या पानावर ठेवा. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज वा आगाऊ रक्कम द्यायची तर कायद्याने सभासदांच्या सभेचा ठराव लागतो, हे अनेक कंपन्या सोयीस्करपणे विसरतात. युरियासोबत दुसरे काही घेण्याची सक्ती वरून झाली, तर ती तशीच सभासदाच्या गळ्यात मारू नका. त्यासाठी तर त्यांनी कंपनी काढली.

शिबिराला जावे की नाही, हा तुमचा थेट प्रश्न राहतो. यंदाच्या हंगामापूर्वी जाऊ नका. त्याऐवजी नऊपैकी दोन संचालक निवडा, शक्यतो वयाने तुमच्याहून लहान, आणि त्यांतील एक स्त्री असेल तर उत्तम, कारण तुमच्या सभासदांच्या घरी निंदणी-वेचणीच्या मजुरीचा आणि बियाण्याचा हिशेब बहुधा बायकांच्याच डोक्यात असतो. एकाकडे दुकानाची देखरेख द्या, दुसऱ्याकडे तुरीची विक्री द्या. त्यांची पद्धत तुमच्यापेक्षा वेगळी असेल आणि सुरुवातीला ती तुम्हाला चुकीची वाटेल. मंडळाने घातलेली मर्यादा ओलांडली जात नाही तोवर मध्ये बोलू नका. बँकेत सहीसाठी त्यांपैकी एकाचे आणि मॅडमचे नाव जोडण्याचा ठराव याच बैठकीत घ्या. तुम्ही आजारी पडलात तर चुकारे अडकू नयेत, एवढे कारण त्याला पुरेसे आहे. हंगाम आटोपल्यावर शिबिराला जायचेच असेल तर त्या दोघांना सोबत न्या, आणि खर्च करण्यापूर्वी त्याला मंडळाची मंजुरी घ्या.